जठराग्नीचा शोध

अन्न पोटात गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हे कुतूहल फार जुने आहे. भारतीय परंपरेने त्याचे उत्तर अग्नीच्या रूपाने दिले. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात प्राणिमात्रांच्या देहात राहून चतुर्विध अन्न पचविणाऱ्या वैश्वानराचा उल्लेख आहे. आयुर्वेदाने जठराग्नीला आरोग्याचे मूळ मानले, आणि माधवनिदानकारांनी अम्लपित्त या विकाराला स्वतंत्र प्रकरण दिले. मराठी घरात आजही कोणाच्या छातीत जळजळू लागले, आंबट ढेकर येऊ लागले, की ‘पित्त उसळले’ असेच म्हणतात. आधुनिक शरीरशास्त्र ज्याला पित्त म्हणते ते यकृतात तयार होते आणि ही जळजळ बहुधा जठरातील आम्लाची असते, हे खरे. परंतु जुन्या वैद्यांनी त्या विकाराच्या नावात ‘अम्ल’ हा शब्द घातला तो काही उगीच नव्हे.

हे आम्ल कोणते? ते कोठून येते? ते निर्माण करणारी पेशी स्वतः त्यात विरघळून का जात नाही? आणि शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असताना आम्ल निर्माण करण्याचे काम जठराच्या भिंतीतील मूठभर पेशींनीच का पत्करावे? या प्रश्नांचा पाठपुरावा करण्यात शास्त्रज्ञांच्या पिढ्यांमागून पिढ्या खर्ची पडल्या. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ अडीच शतके लागली.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात पचनाविषयी दोन पक्ष होते. एका पक्षाच्या मते जठर हे एक जाते होते. अन्न तेथे दळले जाते एवढाच पचनाचा अर्थ. दुसऱ्या पक्षाच्या मते ते एक भांडे होते. अन्न तेथे आंबते किंवा शिजते. हा वाद रेओम्यूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७५२ साली प्रयोगाच्या पातळीवर आणला. शिकारी पक्ष्यांना न पचणारे पदार्थ ओकून टाकण्याची सवय असते. रेओम्यूरने अशा एका पाळीव पक्ष्याला धातूच्या लहान नळ्या गिळावयास लावल्या. नळीत मांसाचा तुकडा असे आणि तिच्या तोंडाशी जाळी. पक्ष्याने नळी बाहेर टाकली तेव्हा आतील मांस बरेचसे विरघळलेले आढळले. धातूच्या नळीत काहीही दळले जाणे शक्य नव्हते. तेव्हा हे काम एखाद्या रसाचेच असले पाहिजे, हे उघड झाले.

इटलीतील पाव्हिया येथील प्राध्यापक आणि धर्मगुरू लाझारो स्पालान्झानी याने हेच प्रयोग पुढे नेले. तो स्वतःच पाव भरलेल्या कापडी पिशव्या गिळत असे. जठररसात मांसाचे तुकडे घालून त्या नळ्या त्याने काखेत धरल्या आणि शरीराच्या उबेत, परंतु शरीराच्या बाहेर, पचन घडवून दाखविले. त्याचे निष्कर्ष १७८० साली प्रसिद्ध झाले. मात्र आम्लता हा त्या रसाचा मूळ स्वभाव आहे, हे त्याने मान्य केले नाही. तो निर्णय लंडनमधील विल्यम प्राउट या वैद्याने दिला. १८२३ च्या डिसेंबरात त्याने रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध मांडला आणि पुढील वर्षी तो प्रसिद्ध झाला. जठरातील आम्ल हे दुधासारख्या पदार्थांतून निर्माण होणारे सौम्य आम्ल नसून मीठ आणि गंधकाम्ल यांपासून कारखान्यात काढले जाणारे हायड्रोक्लोरिक आम्लच आहे, असे त्याने सप्रमाण सांगितले. जिवंत देहात इतके दाहक खनिज आम्ल असू शकते, यावर अनेकांचा विश्वास बसला नाही, आणि वाद कित्येक वर्षे चालू राहिला.

याच सुमारास अमेरिकेच्या उत्तर सीमेवर एक अपघात घडला. ह्यूरन सरोवरातील मॅकिनॅक बेटावर ६ जून १८२२ रोजी अलेक्सिस सेंट मार्टिन या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्याच्या पोटात अगदी जवळून बंदुकीचा बार उडाला. हा तरुण केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या चाकरीत होता. तेथील लष्करी ठाण्याचे डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्याच्यावर उपचार केले. तो वाचेल अशी आशा कोणालाच नव्हती. पण तो वाचला. जखम भरली, मात्र जठराला पडलेले छिद्र कायमचे उघडे राहिले. मानवी जठरात डोकावण्याची खिडकीच जणू दैवाने उघडली होती.

१८२५ पासून ब्यूमाँट यांनी त्या खिडकीतून प्रयोग आरंभिले. मांसाचा, भाजीचा तुकडा रेशमी दोऱ्याला बांधून ते छिद्रातून आत सोडीत आणि ठराविक वेळाने बाहेर काढून पाहत. रिकाम्या जठरात रस साठून राहत नाही, अन्न आले म्हणजेच तो पाझरतो. आणि सेंट मार्टिन संतापला की पचनाची क्रिया बिघडते, अशी निरीक्षणे त्यांनी नोंदविली. १८३३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ शरीरक्रियाशास्त्रातील एक आधारस्तंभ ठरला. परंतु या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सेंट मार्टिन गरीब आणि निरक्षर होता. प्रयोगांबरोबरच तो डॉक्टरांच्या घरची नोकरासारखी कामेही करीत असे, आणि १८३२ साली झालेल्या करारान्वये त्याला वर्षाचे १५० डॉलर मिळावयाचे होते. तो अधूनमधून निघून जाई, आणि १८३४ नंतर पुन्हा परतलाच नाही. १८८० साली त्याचा मृत्यू झाला तेव्हा वैद्यांच्या हाती त्याचे जठर लागू नये म्हणून कुटुंबीयांनी देह कुजू दिला आणि नेहमीपेक्षा खोल पुरला. ज्ञानाला उपयोगी पडलेल्या त्या मनुष्याची संमती कोणत्या परिस्थितीतून आली होती, हे त्या खोल कबरीवरून कळते.

आम्ल आहे हे ठरले. आता ते कोण करते हे शोधावयाचे होते. सूक्ष्मदर्शक यंत्र आणि रंगद्रव्ये यांच्या साहाय्याने जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथील रुडॉल्फ हायडनहाइन यांनी १८७० साली जठरातील ग्रंथींच्या पेशी दोन प्रकारच्या असल्याचे दाखविले. एक प्रकार ‘मुख्य पेशीं’चा, त्या पेप्सिन हे प्रथिने पचविणारे द्रव्य निर्माण करतात. दुसरा प्रकार आकाराने मोठ्या आणि ग्रंथीच्या भिंतीकडे फुगलेल्या पेशींचा. त्यांना पुढे ‘भित्तीय पेशी’ हे नाव रूढ झाले. याच आम्लस्रावी पेशी होत. १८९३ साली इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी या पेशींच्या आत सूक्ष्म कालव्यांचे जाळे असल्याचे वर्णन केले. आम्ल त्या कालव्यांत उतरते आणि तेथून ग्रंथीच्या नलिकेत वाहत जाते.

या पेशींना कामाला लावणारा हुकूम कोणाचा, हा पुढचा प्रश्न. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे इव्हान पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत खाल्लेले अन्न जठरात पोहोचू न देता गळ्यातूनच बाहेर काढले, तरी जठररस वाहू लागला. व्हेगस हा मज्जातंतू कापला म्हणजे तो प्रवाह थांबे. हुकूम मेंदूकडून येतो, असे यावरून सिद्ध झाले, आणि १९०४ साली पावलॉव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पुढच्याच वर्षी, १९०५ साली, लंडनमधील जॉन सिडनी एडकिन्स यांनी एक वेगळीच गोष्ट पुढे आणली. जठराच्या शेवटच्या भागातील अंतस्त्वचेचा अर्क रक्तात सोडला असता आम्लस्राव सुरू होतो, असे त्यांना आढळले. रक्तातून जाणाऱ्या या दूताला त्यांनी ‘गॅस्ट्रिन’ असे नाव दिले.

एडकिन्स यांच्या वाट्याला मात्र कीर्तीऐवजी उपेक्षा आली. पोलिश शास्त्रज्ञ लेऑन पोपिएल्स्की यांनी १९१६ साली हिस्टामिन हे द्रव्य जठरातील आम्ल वाढविते असे पाहिले आणि १९२० साली ते प्रसिद्ध केले. हिस्टामिन तर शरीरातील अनेक ऊतींत सापडते. तेव्हा एडकिन्सचे गॅस्ट्रिन म्हणजे अर्कात मिसळलेले हिस्टामिनच होय, असा तर्क बळावला आणि गॅस्ट्रिन जवळजवळ विस्मृतीत गेले. १९३८ साली सिमॉन कोमारॉव्ह यांनी हिस्टामिनविरहित अर्क तयार केला आणि तोही आम्लस्राव घडवितो असे दाखविले, तेव्हा शंका उलट्या दिशेने वळली. अखेर १९६४ साली लिव्हरपूल येथे रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून गॅस्ट्रिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ती सतरा अमिनो आम्लांची एक लहानशी साखळी निघाली. एडकिन्स १९४० सालीच निवर्तले होते.

विशेष हे की, हिस्टामिनचा पक्ष घेणारेही चुकीचे नव्हते. गॅस्ट्रिन रक्तावाटे येते आणि मुख्यतः जठरातीलच दुसऱ्या एका प्रकारच्या पेशींना चेतविते. त्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि ते शेजारच्या आम्लस्रावी पेशीला जागे करते. व्हेगस मज्जातंतूचा दूत अ‍ॅसिटिलकोलीन. असे तीन दूत एकाच दाराशी येतात. हिस्टामिनविरोधी जुनी औषधे सर्दी-शिंकांवर चालत, पण जठरातील आम्लावर त्यांचा परिणाम होत नसे. यावरून हिस्टामिनला ओळखणारा जठरातील ग्राही निराळा असला पाहिजे, असे अनुमान स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी केले. १९७२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ग्राहीला अडविणारे पहिले द्रव्य जाहीर केले, आणि १९७६ साली सिमेटिडीन हे औषध ब्रिटनमध्ये विक्रीस आले. त्यापूर्वी जठरव्रणाच्या रोग्यांपैकी कित्येकांना जठराचा भाग कापून घेण्यावाचून गत्यंतर नसे. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हुकूम पोहोचविणारे दूत सापडले. परंतु हुकूम बजावणारे यंत्र अजून हाती आले नव्हते. त्या यंत्राचे काम किती अवघड आहे, हे आकड्यांवरून दिसते. आम्लस्रावी पेशीच्या कालव्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण पेशीच्या अंतर्भागातील प्रमाणाच्या दहा लाख पटींहून अधिक असते. शरीरात एवढी मोठी तफावत अन्यत्र कोठेही आढळत नाही. पाणी चढावर नेण्यास जशी मोट लागते तशी येथे शक्ती खर्चून आयन ढकलणारी योजना हवी. म्हणूनच या पेशीचा सुमारे एकतृतीयांश भाग शक्ती पुरविणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनी व्यापलेला असतो. १९७३ साली अमेरिकेत गॅन्सर आणि फोर्ट यांनी बेडकाच्या जठरपेशींत पोटॅशियमच्या सान्निध्यात शक्ती वापरणारे एक विकर शोधले. १९७६ साली जॉर्ज सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या जठरातील पेशीपटलावर दाखवून दिले की, हे विकर एक हायड्रोजन आयन बाहेर टाकते आणि त्याच्या बदल्यात एक पोटॅशियम आयन आत घेते. हाच ‘प्रोटॉन पंप’. स्वीडनमध्ये तयार झालेले ओमेप्रॅझोल हे औषध या पंपालाच जखडून टाकते. ते १९८८ साली बाजारात आले.

एवढ्यावर हा इतिहास संपला असता, परंतु ओमेप्रॅझोलनेच एक नवे कोडे घातले. हे औषध रक्तातून फार लवकर नाहीसे होते. तासाभरात त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. तरीही आम्लाचा प्रवाह दिवसभर मंद राहतो. कारण जखडलेला पंप बहुतांशी निकामीच होतो, आणि आम्ल पुन्हा वाहण्यासाठी मोठ्या अंशी नवे पंप घडवावे लागतात. म्हणजे पेशीने आपल्या जनुकातील मजकूर पुन्हा वाचावयाचा, त्याची संदेशवाहक आर.एन.ए.च्या रूपात नक्कल करावयाची आणि त्या नकलेवरून नवे प्रथिन रचावयाचे. जनुकातील मजकुराचे असे प्रत्यक्ष द्रव्यात उतरणे यालाच शास्त्रज्ञ जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. एका साध्या गोळीचा परिणाम किती काळ टिकावा, हे अशा रीतीने जनुकांच्या कारभारावर अवलंबून असल्याचे दिसून आले.

जनुक गरजेप्रमाणे चालू किंवा बंद ठेवले जाते, ही कल्पना फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ साली जिवाणूंच्या अभ्यासावरून मांडली होती. जिवाणू एकपेशीय असतो. त्याने भोवतालच्या साखरेप्रमाणे आपले जनुक बदलत्या हुकमावर ठेवावे, हे समजण्याजोगे आहे. परंतु अब्जावधी पेशींच्या देहात हृदयाच्या पेशीने आकुंचन करावे, डोळ्याच्या पेशीने प्रकाश ओळखावा आणि जठराच्या पेशीने आम्ल स्रवावे, ही वाटणी कशी होते?

या प्रश्नाला जठरापुरती वाट अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात मिळाली. गॅरी शुल आणि जेरी लिंग्रेल यांनी १९८६ साली उंदराच्या जठरातील पंपाच्या मुख्य घटकाचा जनुकीय मजकूर वाचला. तो १,०३३ अमिनो आम्लांचा निघाला. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर टाकणारा एक पंप असतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली शोधलेल्या त्या पंपाशी जठराच्या पंपाचे साम्य साठ टक्क्यांहून अधिक भरले. दोघे भाऊभाऊच. मग एक भाऊ घरोघरी राबतो आणि दुसरा मुख्यतः जठराच्या एकाच प्रकारच्या पेशीत आढळतो, हे का? १९९० साली जपानमधील ओसाका विद्यापीठातील माएदा, फुताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी जठरपंपाचे संपूर्ण जनुक तपासले. जनुकाची अंतर्गत मांडणी सोडियम पंपाच्या जनुकासारखीच होती. फरक होता तो जनुकाच्या आरंभाच्या अलीकडील नियामक भागात. ग्रंथ जवळजवळ सारखे, पण ग्रंथालयात ते कोणाला द्यावयाचे याविषयीच्या सूचना मात्र वेगळ्या, असा तो प्रकार होता.

त्या सूचना वाचणारा कोण, हे त्याच गटाने १९९३ साली प्रसिद्ध केले. जठरपंपाचे दोन घटक असतात, एक मोठा आणि एक लहान, आणि दोहोंची जनुके वेगवेगळी. परंतु दोन्ही जनुकांच्या नियामक भागांत एक छोटा, सारखाच मजकूर वारंवार येतो, असे आढळले. जठराच्या अंतस्त्वचेतील दोन प्रथिने नेमक्या त्याच मजकुराला जाऊन चिकटतात. डी.एन.ए.च्या ज्या अक्षरांना ती ओळखतात, त्यांवरून या प्रथिनकुलाला ‘गाटा’ हे नाव आहे. दोन कुलपांना एकच किल्ली लागावी अशी ही व्यवस्था, आणि तिचे प्रयोजनही स्पष्ट आहे. मोठा घटक आणि लहान घटक एकमेकांवाचून निरुपयोगी. तेव्हा दोघांची घडण एकाच वेळी व्हावी हे इष्टच.

तथापि केवळ या किल्लीने सारे कोडे उलगडत नाही. गाटा कुलातील पहिले प्रथिन रक्ताच्या तांबड्या पेशींच्या अभ्यासातून माहीत झाले होते, आणि जठरात सापडलेली दोन प्रथिने हृदयात आणि आतड्यातही असतात. हृदय काही आम्ल स्रवत नाही. यावरून शास्त्रज्ञांनी असा बोध घेतला की, पेशीचे व्यक्तिमत्त्व एका किल्लीने ठरत नाही, किल्ल्यांच्या जुडग्याने ठरते. कोणकोणती नियामक प्रथिने एकत्र आली, गुणसूत्राचा तो भाग उलगडलेला आहे की गुंडाळलेला, आणि बाहेरून कोणते संदेश येत आहेत, या सर्वांच्या मेळातून एखादे जनुक बोलके होते.

बाहेरचे संदेश जनुकापर्यंत पोहोचतात, याचा पुरावा मिशिगन विद्यापीठात व्हॅलेरी कॅम्पबेल आणि तादाताका यामादा यांनी १९८९ साली दिला. कुत्र्याच्या जठरातून वेगळ्या काढलेल्या आम्लस्रावी पेशींना आम्ल वाढविणारी द्रव्ये दिली असता पंपाच्या जनुकाच्या नकलाही वाढल्या. म्हणजे पेशीत दोन घड्याळे चालतात. पहिले घड्याळ मिनिटांचे. हुकूम येताच पेशीच्या आत पुटिकांत राखून ठेवलेले पंप कालव्याच्या पटलावर येतात आणि आम्ल वाहू लागते. जेवण संपले, हुकूम ओसरला, की ते पुन्हा आत परततात. दुसरे घड्याळ तासांचे आणि दिवसांचे. त्याच हुकमाने जनुकही जागे होते आणि झिजलेल्या पंपांची जागा घेण्यासाठी नव्यांची भरती सुरू होते. उंदरात एकूण पंपांपैकी निम्मे सुमारे ५४ तासांत बदलले जातात. ही दोन घड्याळे नेहमी एकाच दिशेने चालतात असेही नाही. पेशींच्या वाढीस चालना देणारे एक द्रव्य अल्पकाळात आम्लस्राव रोखते, पण दीर्घकाळ दिले असता पंपाच्या जनुकाला उत्तेजन देते.

याही पलीकडे आठवड्यांचे तिसरे घड्याळ आहे. आम्लस्रावी पेशी ग्रंथीच्या मध्यावरील मूळ पेशींपासून जन्म घेतात आणि हळूहळू वरखाली सरकत प्रौढ होतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात करम आणि लेब्लाँ यांनी १९९३ साली पांढऱ्या उंदरातील आम्लस्रावी पेशीचे आयुष्य सरासरी ५४ दिवसांचे असल्याचे मोजले. गॅस्ट्रिनचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची हकीकत १९९७ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या जठरात आम्लस्रावी पेशींची संख्या कमी भरली आणि आम्लही रोडावले. एडकिन्स यांचे गॅस्ट्रिन निव्वळ हुकूम देणारे नव्हते. ज्यांना हुकूम द्यावयाचा त्यांचे पालनपोषणही तेच करीत होते. पुढे २००० साली पंपाचेच जनुक काढून टाकलेले उंदीर तपासले गेले. त्यांच्या जठरात आम्ल नव्हते हे अपेक्षितच होते. परंतु पेशीतील कालवेही नीट घडलेले नव्हते. पाणी नसलेल्या शेताला पाटही उरू नयेत, तसे ते झाले.

हा सारा खटाटोप जठरापुरता महत्त्वाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. आम्ल हे अन्न पचविण्याचे साधन आहे, तसाच तो देहाच्या वेशीवरचा पहारेकरीही आहे. पाण्यातून आणि अन्नातून येणाऱ्या असंख्य जंतूंचा नाश तेथे होतो. पटकीचा जंतू आम्लापुढे टिकाव धरीत नाही, आणि ज्यांच्या जठरात आम्ल कमी त्यांना पटकीचा धोका अधिक असतो. काही जंतूंनी मात्र या पहारेकऱ्यालाच वश करण्याची विद्या साधली आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरातून हेलिकोबॅक्टर हा जंतू वाढविण्यात यश मिळविले. १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला. जठरव्रणाचे मूळ बहुतेक वेळा या जंतूत असते हे मान्य झाले, आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूचा संसर्ग झाल्यावर आरंभी आम्ल कमी होते, हे वैद्यांच्या ध्यानात आले होते. त्याचे एक कारण अमेरिकेतील अ‍ॅडम स्मोल्का यांच्या प्रयोगशाळेने २००० साली आणि त्यानंतर २०१० साली उलगडले. हा जंतू पेशीतील एका नियामक प्रथिनाला पंपाच्या जनुकाच्या आरंभाशी आणून बसवितो आणि जनुकाचा आवाज दाबतो. आम्लात राहावयाचे तर आम्लाची गिरणीच मंद करावी, ही त्या क्षुद्र जिवाची नीती होय.

या ज्ञानाचा एक धडा अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. आम्ल रोखणारी औषधे व्रणाच्या रोग्यांना जीवदान देणारी ठरली आहेत, आणि वैद्याने सांगितली तेव्हा ती घेतलीच पाहिजेत. परंतु जठर ही काही नळाची तोटी नव्हे. आम्ल कमी झाले की शरीर त्याची दखल घेते, गॅस्ट्रिन वाढते, आणि वाढलेले गॅस्ट्रिन हिस्टामिन देणाऱ्या पेशींचे बळ वाढविते. औषध अचानक थांबले म्हणजे तो साठलेला उत्साह उफाळून येतो. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी स्वयंसेवकांवर केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील अर्ध्या लोकांना आठ आठवडे आम्लरोधक औषध देऊन नंतर ते बंद करण्यात आले. पूर्वी कसलीच तक्रार नसलेल्या या लोकांपैकी ४४ टक्क्यांना औषध बंद झाल्यावर जळजळ किंवा तत्सम त्रास जाणवला. ज्यांना औषधाऐवजी निरुपद्रवी गोळी दिली होती त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होते. औषध सोडताच त्रास होतो म्हणून पुन्हा औषध, असे चक्र कसे सुरू होते, हे यावरून ध्यानात येते. स्वतःच्याच विचाराने महिनोन्‌महिने अशा गोळ्या घेणाऱ्याने हे जाणून घेणे अगत्याचे आहे, आणि सोडावयाच्या त्याही वैद्याच्या सल्ल्याने व क्रमाक्रमाने सोडणे हिताचे आहे.

आयुर्वेदाने अग्नीचे चार प्रकार मानले: सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. त्यांपैकी समाग्नी हाच आरोग्याचा. प्राचीनांना जनुके ठाऊक होती असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांचे अनुमान रोग्याच्या लक्षणांवरून केलेले होते, आणि आजचे ज्ञान धातूची नळी, रेशमी दोरा, कुत्रे, बेडूक, उंदीर आणि एका गरीब नावाड्याची उघडी जखम यांच्या आधाराने पायरीपायरीने मिळविलेले आहे. पण जठराच्या अग्नीला विझविणे किंवा भडकविणे यापेक्षा तो सम राखणे महत्त्वाचे, ही जाणीव दोन्हीकडे आहे. तो सम राखण्याचे काम मिनिटांच्या, दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशोबाने पेशी कसे करते, त्याची काही पाने आता वाचता येऊ लागली आहेत. उरलेल्या पानांचे वाचन प्रयोगशाळांतून चालू आहे.